उत्तर नेमकं कोणासाठी?

रेडिओच्या बहराचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या कानात ती नावांची लांबलचक यादी अजून असेल. गाणं तीन मिनिटांचं. पण ते लागण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं ऐकावी लागत. त्यात झुमरीतलैया हे गाव हमखास असायचं. आजच्या झारखंडातलं, अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव आपल्याला भूगोलाच्या पुस्तकाआधी रेडिओनं शिकवलं. मराठीत 'आपली आवड'लाही अशीच गावोगावहून पत्रं येत. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकायचं आणि रेडिओला कान लावून बसायचं. आपलं नाव उच्चारलं गेलं की घरभर आनंद. आणि नेमकं त्याच क्षणी कोणी मिक्सर लावला, तर त्या दिवशी त्याचं काही खरं नसे.

१९५२ साली रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तिचे निवेदक अमीन सयानी सांगत असत, की पहिल्या कार्यक्रमालाच ९,००० पत्रं आली, आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५,००० वर पोहोचला. एवढ्या पत्रांना कोण उत्तर देणार? दिलं नाहीच. तरी कोणी रागावलं नाही. कारण व्यवहार दोन्ही बाजूंना नीट ठाऊक होता. निवेदकानं नाव वाचलं, तर ते एकट्या पत्रलेखकासाठी वाचलेलं नसे. सारा देश ते ऐकत होता आणि त्यातच त्या पोस्टकार्डाचं सार्थक होतं.

आज हे आठवायचं कारण सांगतो. इचलकरंजीला माझी एक भाची आहे, नववीत शिकते. तिनं आपल्या आवडत्या नटाला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या. स्वतः काढलेलं त्याचं चित्रही इन्स्टाग्रामवरून पाठवलं. तीन आठवडे झाले. मी गेलो तेव्हा तिनं हळूच विचारलं, "मामा, तो उत्तर देईल का रे?" त्याच महिन्यात आमच्या इमारतीत राहणारे निवृत्त गुरुजी जिन्यात भेटले. ऑनलाइन मागवलेला मिक्सर बिघडका निघाला होता आणि २,३४० रुपये परत मिळत नव्हते. मुलाच्या सांगण्यावरून त्यांनी ती तक्रार समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिली. खुशीत म्हणाले, "अहो, दहा मिनिटांत उत्तर आलं! महिनाभर फोन करत होतो, कोणी दाद देत नव्हतं."

एकीला उत्तर आलं नाही आणि एकाला लगेच आलं. यातलं नशीबवान कोण, ते शेवटी सांगतो. आधी हा उत्तराचा कारभार चालतो कसा, ते पाहू.

सुरुवात साध्या हिशेबानं करू. विराट कोहलीचे इन्स्टाग्रामवर २५ कोटींहून अधिक अनुयायी आहेत. त्यातल्या हजारातल्या एकानंच दिवसाला एक ओळ लिहिली, असं धरा. झाले अडीच लाख संदेश. प्रत्येक संदेश नुसता वाचायला दहा सेकंद लागले, तरी एका दिवसाची टपाल वाचायला न जेवता, न झोपता जवळजवळ २९ दिवस लागतील. उत्तर लिहिणं पुढचंच. म्हणजे उत्तर न देण्यात गर्व असेलच असं नाही. दिवसाचे तास चोवीस, एवढीच त्याची अडचण असू शकते.

शिवाय हे संदेश त्याच्यापर्यंत पोहोचतातच असंही नाही. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा संदेश मुख्य पेटीत पडत नाही. तो 'मेसेज रिक्वेस्ट' नावाच्या वेगळ्या कप्प्यात जातो. तो कप्पा मुद्दाम उघडला तरच दिसतो. मोठ्या माणसाच्या घरी आपण चिठ्ठी टाकावी आणि ती फाटकावरच्या टोपलीत पडून राहावी, तसा हा प्रकार. आणि ती टोपली कधीमधी चाळणारा माणूसही बहुधा तो नट किंवा तो खेळाडू नसतो. मोठ्या प्रसिद्ध व्यक्तींची खाती सांभाळायला माणसं नेमलेली असतात. छायाचित्र निवडणारा एक, मजकूर लिहिणारा दुसरा, जाहिरातींचे करार पाहणारा तिसरा. "तुमच्या प्रेमाबद्दल आभार" ही ओळ कोणी टाइप केली, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

तरीही काही मोठी माणसं उत्तर देतातच. ती कशी देतात, हे बघण्यासारखं आहे.

अमिताभ बच्चन यांनी २००८ च्या एप्रिलमध्ये ब्लॉग सुरू केला आणि २०१० मध्ये ते ट्विटरवर आले. आपल्या ट्विटना ते अनुक्रमांक देतात. ब्लॉगवर नियमित येणाऱ्या वाचकांना ते आपलं विस्तारित कुटुंब म्हणतात. ही जवळीक त्यांनी वर्षानुवर्षं टिकवली आहे. पण ती टिकवण्याची पद्धत पाहा. ते रोज सर्वांसाठी लिहितात आणि त्यातच अधूनमधून एखाद्याचं नाव घेतात. रविवारी मुंबईत 'जलसा' बंगल्याच्या फाटकाशी येऊन जमलेल्या चाहत्यांना हात करण्याचा त्यांचा जो रिवाज, तोच त्यांनी कागदावर उतरवला म्हणा ना. हात सर्वांना, पण प्रत्येकाला वाटतं की मला केला.

शाहरुख खान यांची रीत वेगळी. ते मधूनच जाहीर करतात, की पुढची काही मिनिटं मी प्रश्नांना उत्तरं देणार. 'आस्क एसआरके' असं त्या खेळाचं नाव. २०२३ साली 'पठाण' आणि 'जवान' हे चित्रपट आले, त्या सुमारास हा खेळ बराच रंगला. प्रश्न हजारोंनी पडतात, त्यातले मोजके ते उचलतात आणि चटकदार उत्तर देतात. दुसऱ्या दिवशी ती उत्तरं वर्तमानपत्रांत येतात. विचारणाऱ्याला आयुष्यभराची आठवण मिळते, वाचणाऱ्यांना करमणूक होते आणि चित्रपटाचा बोलबाला होतो. यात फसवणूक काही नाही. सभेत वक्ता एका श्रोत्याच्या प्रश्नाला उत्तर देतो, तेव्हा तो साऱ्या सभागृहाशीच बोलत असतो.

सुषमा स्वराज यांचं उदाहरण मात्र थोडं निराळं. २०१४ ते २०१९ या काळात त्या परराष्ट्रमंत्री होत्या. परदेशात पारपत्र हरवलेलं, मालकानं अडकवून ठेवलेलं, नातेवाईक दगावलेला, अशा कितीतरी लोकांनी ट्विटरवर त्यांना हाक मारली आणि त्यांनी ओ दिली. २०१६ साली कोणी तरी बिघडलेल्या फ्रिजचं गाऱ्हाणं घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, की भाऊ, मी संकटातल्या माणसांच्या कामात आहे, फ्रिजचं मला काही करता येणार नाही. पुढच्या वर्षी त्या गमतीनं असंही म्हणाल्या, की तुम्ही मंगळावर अडकलात तरी तिथला भारतीय दूतावास मदत करील. या उत्तरांना वजन होतं, कारण त्यांच्यामागे यंत्रणा होती. त्या त्या देशातल्या वकिलातीला निरोप जाई, अधिकारी नेमला जाई. २०१५ च्या फेब्रुवारीत परराष्ट्र खात्यानं 'मदद' नावाचं तक्रारींचं संकेतस्थळही सुरू केलं होतं. रेल्वेचंही असंच झालं. प्रवाशांच्या ट्विटची दखल घ्यायची पद्धत पडली आणि पुढे १३९ हा क्रमांक आणि 'रेलमदद' ही व्यवस्था उभी राहिली. ट्विटला आलेलं उत्तर त्या एका प्रवाशाला मिळालं, पण १३९ हा क्रमांक ज्याच्याकडे साधा फोन आहे त्यालाही मिळाला.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. २०१९ च्या डिसेंबरात सचिन तेंडुलकर यांनी एका चाहत्याला शोधून देण्याचं आवाहन केलं. चेन्नईला कसोटीसाठी गेले असताना हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्यानं त्यांना अदबीनं सांगितलं होतं, की तुमच्या कोपराच्या पट्ट्यामुळे बॅट फिरवण्यात फरक पडतो. सचिननी त्यावर विचार केला आणि तो पट्टा बदलून घेतला. ते गृहस्थ सापडलेही. त्यांनी कोणाला संदेश पाठवला नव्हता, उत्तराची अपेक्षाही केली नव्हती. त्यांनी खेळ नीट पाहिला होता, एवढंच. उत्तर मात्र अनेक वर्षांनी, सगळ्या जगादेखत आलं.

आता माझ्या भाचीच्या मनाचं पाहू. तिला ठाऊक आहे की तो नट तिला ओळखत नाही. तरी उत्तर आलं नाही, याचं तिला दुःख का व्हावं? डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५६ साली एक निबंध लिहिला. रेडिओ आणि टीव्हीवरचा निवेदक थेट आपल्याकडे बघून, आपल्याशी बोलल्यासारखा बोलतो. रोज ठरल्या वेळी घरात येतो. त्यामुळे श्रोत्याला तो ओळखीचा वाटू लागतो. ओळख खरी वाटते, पण ती एकाच बाजूची असते. हे त्यांनी सत्तर वर्षांपूर्वी सांगितलं. त्या काळी निदान टीव्हीला उत्तर देण्याची सोय नव्हती. आता त्याच पडद्याखाली 'संदेश लिहा' असं बटण आहे. बटण दिसलं की पलीकडे माणूस बसला असेल, असं वाटणारच. पोस्टकार्ड टाकताना आपली अपेक्षा पोस्टकार्डाएवढीच असे. बटणानं ती फार वाढवून ठेवली आहे.

नटांचं हे झालं. कंपन्यांचं गणित वेगळं आहे, कारण तिथे पैसे आपण मोजलेले असतात.

कंपन्यांना जाहीर उत्तराची सवय लागली, त्याला दोन प्रसंग कारणीभूत झाले, असं म्हणता येईल. पहिला २००८-०९ चा. डेव्ह कॅरोल या कॅनडातल्या गायकाची ३,५०० डॉलरची गिटार युनायटेड एअरलाइन्सच्या सामान उतरवणाऱ्यांच्या हातून मोडली. दुरुस्तीला १,२०० डॉलर लागले. नऊ महिने त्यानं कंपनीकडे खेटे घातले आणि शेवटी भरपाई मिळणार नाही, असं उत्तर आलं. मग त्यानं एक गाणं रचलं आणि २००९ च्या जुलैमध्ये ते यूट्यूबवर टाकलं. काही दिवसांतच ते लाखो लोकांनी पाहिलं. नऊ महिने गप्प असलेली कंपनी तात्काळ बोलू लागली. दुसरा प्रसंग २०१० च्या एप्रिलमधला. आइसलँडमध्ये ज्वालामुखी उसळला, राखेमुळे युरोपातली विमानं बंद पडली आणि हजारो प्रवासी अडकले. फोन लागेनात. तेव्हा केएलएम या डच हवाई कंपनीनं समाजमाध्यमांवरून प्रवाशांना उत्तरं द्यायला माणसं बसवली, आणि पुढे ती त्या कंपनीची कायमची सेवाच झाली. पहिल्या गोष्टीत भीतीपोटी दिलेलं उत्तर आहे, दुसऱ्या गोष्टीत गरजेपोटी दिलेलं. आजही कंपन्यांची उत्तरं या दोन कारणांनीच येतात.

ती येतात कशी? कंपनीचं नाव कुठे कोणी घेतलं, हे शोधत राहणारी संगणक प्रणाली असते. नाव सापडलं की त्या मजकुराला एक क्रमांक पडतो. कौतुक, चौकशी, तक्रार अशी वाटणी होते. 'ग्राहक आयोग', 'पोलीस', 'व्हिडिओ' असे शब्द दिसले की प्रकरण वरच्या टेबलावर जातं. उत्तर देणाऱ्या मुलामुलींपुढे तयार वाक्यं असतात. "तसदीबद्दल क्षमस्व. कृपया आपला ऑर्डर क्रमांक खासगी संदेशातून कळवा." हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्यात एक रास्त कारण आहे: आपला फोन नंबर, पत्ता चारचौघांत मांडू नये. दुसरं कारण कंपनीच्या सोयीचं आहे: भांडण चावडीवरून उचलून माजघरात न्यायचं. पाहणाऱ्यांना दिसतं की कंपनीनं उत्तर दिलं. माजघरात पुढे काय झालं, ते कोणालाच दिसत नाही.

आणि चावडीवर कोणाचं ऐकलं जातं? २०१८ साली 'एमआयएस क्वार्टर्ली' या नियतकालिकात अमेरिकी हवाई कंपन्यांच्या ट्विटरवरील वागण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या प्रवाशाचे अनुयायी जास्त, त्याच्या तक्रारीला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त, असं त्यात आढळलं. २०१५ साली 'मार्केटिंग सायन्स'मध्ये आलेल्या एका टेलिफोन कंपनीच्या अभ्यासातून आणखी एक गंमत पुढे आली. कंपनी ट्विटरवर लक्ष घालते म्हटल्यावर ग्राहकांशी संबंध सुधारतात, पण लोक अधिक तक्रारीही करू लागतात. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही आपली म्हण त्यांनी आकडेमोडीनं सिद्ध केली, एवढंच.

पण या म्हणीतली आई आवाज ऐकते तरी. इथे आवाजाआधी गर्दी मोजली जाते. ज्याच्यामागे लाखभर माणसं आहेत, त्याच्या फुटक्या बॅगेला तासाभरात उत्तर. आणि ज्याचे अनुयायी मुलगा, सून आणि दोन जुने विद्यार्थी एवढेच, त्याच्या तक्रारीला मौन. दोघांनी तिकिटाचे पैसे मात्र सारखेच मोजलेले असतात.

अलीकडे तर पलीकडे माणूस असेलच, याचीही खात्री नाही. बरीच उत्तरं संगणक लिहितो. त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कॅनडात गाजला. एका प्रवाशाची आजी वारली. तातडीच्या प्रवासासाठी सवलत मिळते का, असं त्यानं एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या संगणकी मदतनिसाला विचारलं. आधी तिकीट काढा, मग अर्ज करा, असं उत्तर मिळालं. नियम तसा नव्हता आणि कंपनीनं सवलत नाकारली. ते उत्तर आमच्या मदतनिसाचं होतं, त्याची जबाबदारी आमच्यावर नाही, असा तिचा पवित्रा होता. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या न्यायाधिकरणानं तो फेटाळला. संकेतस्थळावर जे काही बोललं जातं ते कंपनीचंच बोलणं, असं ठरवून प्रवाशाला सुमारे साडेसहाशे कॅनेडियन डॉलर भरपाई देववली. रक्कम फार मोठी नव्हती, तत्त्व मात्र मोठं होतं. त्या प्रवाशानं त्या संभाषणाचं चित्र जपून ठेवलं होतं, म्हणून ते सिद्ध झालं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आता गुरुजींकडे येतो. दहा मिनिटांत आलेलं ते उत्तर कंपनीचं नव्हतं.

कंपन्या जशा आपलं नाव कुठे निघालं ते शोधत असतात, तसेच भामटेही शोधत असतात. अमुक बँकेवर, अमुक दुकानावर कोण चिडलं आहे, हे आपण स्वतःच चावडीवर सांगितलेलं असतं. भामट्याला आयतं गिऱ्हाईक मिळतं, आणि तेही उत्तराची वाट पाहणारं. कंपनीचं बोधचिन्ह लावलेलं, नावापुढे 'हेल्प' किंवा 'केअर' जोडलेलं एक खातं उत्तर देतं. गुरुजींना त्यानं फोन नंबर विचारला. लगेच फोन आला. बोलणारा मुलगा अतिशय अदबशीर, 'सर, सर' करणारा. "परताव्यासाठी हे एक ॲप उतरवून घ्या," म्हणाला. त्या ॲपमुळे गुरुजींच्या फोनचा पडदा त्याला दिसू लागला. २,३४० रुपये परत येण्याऐवजी खात्यातले ८६,००० रुपये गेले. त्यांच्या मुलानं त्याच संध्याकाळी १९३० या क्रमांकावर कळवलं, म्हणून त्यातली काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवता आली. उरलेली गेली ती गेलीच.

मी भेटायला गेलो, तर पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं ते खचले होते. म्हणाले, "चाळीस वर्षं मुलांना शिकवलं हो, आणि मला एका पोरानं फसवलं. का, तर तो माझ्याशी नीट बोलला." महिनाभर ज्याच्याशी कोणीच नीट बोललं नाही, त्याच्याशी पहिलं नीट बोलणारा माणूस चोर निघावा, यात दोष एकट्या गुरुजींचा नाही.

चाहत्यांचंही असंच होतं. २०२५ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या एका ५३ वर्षांच्या बाईंची हकीकत जगभर पोहोचली. ब्रॅड पिट या नटाचं नाव घेऊन कोणी तरी त्यांच्याशी दीड वर्ष संदेशांतून बोलत होतं. संगणकानं बनवलेली, रुग्णालयातल्या खाटेवरची त्याची छायाचित्रंही पाठवली. उपचारासाठी म्हणून त्या बाईंनी थोडेथोडके नव्हे, ८,३०,००० युरो दिले. खऱ्या ब्रॅड पिटचं समाजमाध्यमावर खातंच नाही, असं मग त्याच्या प्रतिनिधींनी सांगितलं. त्या बाईंना लोक हसले. हसणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की त्यांना लुबाडण्याआधी त्या भामट्यानं त्यांची रोज विचारपूस केली होती.

पूर्वी नावापुढची निळी खूण पाहून खातं खरं की खोटं, हे थोडंफार ओळखता येई. ट्विटर २०२२ च्या ऑक्टोबरात इलॉन मस्क यांनी घेतलं, २०२३ च्या एप्रिलमध्ये जुन्या खुणा काढल्या आणि जुलैमध्ये त्याचं नाव 'एक्स' झालं. आता ती खूण दरमहा पैसे भरून मिळते. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरही खूण विकत घेण्याची सोय झाली आहे. तेव्हा निव्वळ खुणेवर विसंबू नये.

म्हणून मी एक साधा नियम धरला आहे. चावडीवरच्या उत्तरानं फार हुरळून जायचं नाही, आणि खासगीतल्या उत्तरावर ओळख पटल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. समाजमाध्यमावर तक्रार जरूर करावी, तिचा उपयोग होतो. मात्र तिच्यात फोन नंबर, ऑर्डर क्रमांक, बँकेचा तपशील लिहू नये. उत्तर आलं तर त्याला तिथेच न बोलता, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन तिथला नंबर घ्यावा आणि आपण फोन करावा. बँकांना त्यांची संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. पत्त्याचं हे शेपूट पाहून घ्यावं. पैसे परत देणाऱ्याला आपला ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही, आणि फोनमध्ये नवं ॲपही लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून बसू नये. त्याच क्षणी १९३० ला फोन करावा. तिथे मिनिटांना किंमत आहे.

आणि कंपनी खरोखरच दाद देत नसेल तर? तर ज्या ठिकाणी आपले अनुयायी कोणी मोजत नाही, तिथे जावं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात झालं पाहिजे, असा नियम आहे. तिथे लेखी तक्रार करावी. ते चुकले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानंही काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, आणि 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. बँकेबद्दलची तक्रार असेल आणि बँकेनं ३० दिवसांत समाधान केलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. या सर्व ठिकाणी उत्तर सावकाश येतं, गोड शब्दांत येत नाही; पण ते आपल्याला उद्देशून असतं आणि द्यावंच लागतं.

गुरुजींनी शेवटी तेच केलं. पावती, बिघडक्या मिक्सरचं छायाचित्र आणि जुन्या फोनांच्या तारखा असा सारा कागद त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात तयार केला आणि १९१५ वर तक्रार नोंदवली. काही आठवड्यांनी २,३४० रुपये खात्यात जमा झाले. सोबत आलेला निरोप दोन ओळींचा, रुक्ष होता. त्यांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, "हे बघा, यात 'सर' कुठेच नाही. म्हणजे खरं असणार."

भाचीला मी काय सांगितलं? खरं तेच सांगितलं: बहुधा उत्तर येणार नाही, आणि त्यात तुझं किंवा तुझ्या चित्राचं काही उणं नाही. त्याच्या नावानं खासगीत कधी उत्तर आलंच, तर आधी आईला दाखव. तिनं मान डोलावली. मग म्हणाली, "मग ते चित्र तू घेऊन जातोस का?" चित्र आता माझ्या खोलीत भिंतीवर आहे. दर रविवारी ती फोनवर विचारते, अजून लावलंय ना? आणि मी दर वेळी सांगतो, हो, लावलंय.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)